नाटकासाठी अनुदान मागताना: अंदाजपत्रकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रायोगिक आणि हौशी संस्थांचे खजिनदार, सूत्रधार आणि 'तू जरा हिशेबाचं बघ' म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम पडलं आहे, अशा सगळ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. व्यावसायिक नाटकाचं गणित वेगळं असतं. तिथे निर्माता स्वतःचे पैसे लावतो आणि तिकीटबारीवर वसूल करतो. इथे आपण दुसऱ्याचे पैसे मागतो आहोत आणि ते का लागणार, हे नाटक पाहण्याआधीच त्याला पटवून द्यायचं आहे.

अर्जाची मुदत आठवड्यावर आली आहे. सुरुवात कुठून करायची?

संहितेपासून. बहुतेक संस्था उलट्या बाजूनं निघतात. योजनेची कमाल मर्यादा पाच लाख, म्हणजे बेरीज पाच लाख आली पाहिजे. मग नेपथ्याला दीड, दिव्यांना एक, 'इतर' पन्नास हजार. असा कागद निवड समितीला लगेच ओळखू येतो, कारण त्यातल्या आकड्यांचा त्या नाटकाशी काही संबंधच नसतो. तोच कागद दुसऱ्या कुठल्याही नाटकाला जोडला तरी चालला असता.

हातात पेन्सिल घेऊन संहिता वाचा. पात्रं किती, त्यातली किती एकच नट करणार, कपडे कितीदा बदलायचे, गाणं थेट म्हणायचं की रेकॉर्ड केलेलं. रंगमंचावर खरं पाणी सांडतं का? सांडत असेल तर कपड्यांचा जास्तीचा जोड, दर प्रयोगाला पुसायला माणूस आणि नाट्यगृहाची परवानगी हे सगळं आलं. ही यादी म्हणजे पहिला कागद. दुसरा कागद तालमींच्या वेळापत्रकाचा, तिसरा प्रयोगांच्या गावांचा. हे तीन कागद तयार झाले की पुढे उरतो तो गुणाकार.

निर्मितीखर्च आणि प्रयोगखर्च वेगळे का दाखवायचे?

निर्मितीखर्च एकदाच होतो, प्रयोगखर्च दर प्रयोगाला होतो. दोन्हींची खिचडी केली की 'आणखी दोन प्रयोग केले तर किती लागतील?' या साध्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. समितीतला कोणीतरी हा प्रश्न हमखास विचारतो.

एखादा नमुना दाखवाल का?

हा घ्या. पाच नटांचं, दीड तासाचं नाटक. चाळीस तालमी, रोज चार तास. पुण्यात तीन प्रयोग, साताऱ्यात एक, कोल्हापुरात एक. आकडे समजावण्यापुरते आहेत. तुमच्या गावातले दर तुम्हीच काढायचे.

निर्मिती:
लेखकाचं मानधन: २०,०००
दिग्दर्शन: ४०,०००
नटांचं तालीम मानधन (५ × ४० × ३००): ६०,०००
नेपथ्य (रचना १५,०००, बांधणी व रंगकाम ५५,०००): ७०,०००
प्रकाशयोजना: १५,०००
संगीत व ध्वनिमुद्रण: ३०,०००
वेशभूषा आणि रंगभूषेचं साहित्य: २५,०००
तालमीची जागा (४० × ४ तास × १५०): २४,०००
तालमीतला चहा-नाश्ता (४० × ८ जण × ४०): १२,८००
रंगीत तालीम (नाट्यगृह व दिवे): १५,०००
निर्मिती व्यवस्थापन: २५,०००
पोस्टर, फोटो, जाहिरात: २०,०००
चित्रीकरण: १५,०००
एकूण: ३,७१,८००

गावातला एक प्रयोग:
नाट्यगृह ८,०००; दिवे आणि ऑपरेटर ७,०००; ध्वनी ३,०००; नटांची नाइट (दर प्रयोगाचं मानधन) ५ × १,००० = ५,०००; बॅकस्टेज आणि रंगभूषाकार २,८००; सेटचा टेम्पो २,५००; दहा जणांचं खाणंपिणं १,५००; लेखकाचं प्रयोग मानधन १,२००. एकूण ३१,०००.

बाहेरगावच्या प्रयोगाला गाडी, मुक्काम आणि जेवण यांचे १४,००० वाढतात, म्हणजे ४५,०००. पाच प्रयोगांचे झाले १,८३,०००. त्यात कार्यालय व ऑडिटचे १५,००० आणि अकल्पित खर्चाचे २८,५०० (साधारण ५ टक्के) मिळवले की एकूण खर्च ५,९८,३००.

आता जमेची बाजू. दोनशे खुर्च्या, २०० रुपये तिकीट, निम्मं घर (म्हणजे निम्म्या खुर्च्या भरलेल्या) धरलं तर प्रयोगाला २०,०००, पाच प्रयोगांचे एक लाख. तालमीला शाळेनं हॉल फुकट दिला, त्याचे २४,०००. देणग्या ७४,३००. उरलेले ४,००,००० अनुदानातून मागायचे.

या गणितात एक कडू गोष्ट दडली आहे. निम्म्या घराला गावातला प्रत्येक प्रयोग ११,००० तोट्यात जातो आणि बाहेरगावचा २५,००० तोट्यात. अगदी हाउसफुल्ल झाला तरी गावात जेमतेम ९,००० सुटतात. छोट्या प्रेक्षागृहातल्या नाटकाचं अर्थकारण असंच असतं. म्हणून 'अनुदानातून नाटक उभं करू, पुढचे प्रयोग तिकिटांवर निघतील' असं अर्जात लिहू नका. तसं होत नाही, आणि वाचणाऱ्यालाही ते माहीत असतं. पाच प्रयोग कबूल करत असाल तर पाचही प्रयोगांचा तोटा मागणीत धरलेला हवा.

आमचे नट हौशी आहेत, कोणी पैसे घेत नाही. तरी मानधन लावायचं?

लावा. इथे आमचं मत ठाम आहे. मराठी प्रायोगिक रंगभूमी पन्नास वर्षं लोकांच्या संध्याकाळींवर चालली, हे खरं आहे आणि त्याचं कौतुकही आहे. पण अनुदानाच्या अर्जात सुताराला पंचावन्न हजार आणि नटांना शून्य लिहिलं, तर वाचणाऱ्याला दोनच अर्थ लागतात: एक तर तुम्हाला खर्चाचा अंदाज नाही, नाहीतर चाळीस तालमींना नट येतील याची खात्री नाही. तालमीला तीनशे रुपये म्हणजे रिक्षा आणि जेवण. तेवढं तरी असलंच पाहिजे.

कोणाला खरोखरच घ्यायचे नसतील, तर त्यानं ते रीतसर घ्यावेत आणि मग संस्थेला देणगी म्हणून द्यावेत, वेगळ्या पावतीनं. सही मानधनाच्या पावतीवर आणि पैसे मात्र नेपथ्यात, हा जुना प्रकार बंद करा. ऑडिटमध्ये ती खोटी पावती ठरते.

दिग्दर्शक संस्थेचाच अध्यक्ष आहे. त्याचं मानधन दाखवता येईल?

काही योजना पदाधिकाऱ्यांना मानधन देऊ देत नाहीत, काही देऊ देतात. नियमावली वाचा. चालत असेल तर कार्यकारिणीचा ठराव करा, त्या विषयावर अध्यक्षांनी मत देऊ नये, आणि ठरावाची प्रत फायलीत ठेवा.

दर कुठून आणायचे?

दिवे, ध्वनी, टेम्पो, सुतारकाम यांची लेखी दरपत्रकं घ्या. तीन मिळाली तर उत्तम. व्हॉट्सॲपवरचा 'होईल सात-आठ हजारात' हा मजकूर दरपत्रक होत नाही. नाव, तारीख, कामाचं वर्णन आणि रक्कम असलेला कागद मागा. नाट्यगृहाच्या दरपत्रकात सत्राचं भाडं, अनामत रक्कम आणि वेळ वाढल्यास आकार असे तीन वेगळे आकडे असतात. अनामत परत येते, म्हणून ती खर्चात धरायची नाही. पण ती भरायला पैसे हाताशी लागतातच.

प्रयोग आठ महिन्यांनी असेल तर आजचा दर तसाच लिहू नका. थोडी वाढ धरा आणि ती धरल्याचं टिपेत सांगा.

टिपा म्हणजे काय? प्रत्येक ओळीला स्पष्टीकरण हवं का?

मोठ्या रकमांना हवंच. फरक पाहा. 'नेपथ्य: ७०,०००' ही ओळ काहीच सांगत नाही. आता ही वाचा: 'नेपथ्य: ७०,०००. आठ बाय चारच्या सहा लेव्हल (चौथरे), दोन फिरत्या चौकटी, सगळं सुटं होऊन एका छोट्या टेम्पोत मावेल असं. बांधणीचं दरपत्रक जोडलं आहे. रचनाकाराचं मानधन १५,०००.' दुसऱ्या ओळीतून वाचणाऱ्याला सेट दिसतो, साताऱ्याचा प्रयोग शक्य आहे हे कळतं आणि टेम्पोचे अडीच हजार का पुरतात तेही कळतं. अंदाजपत्रक आणि अर्जातला मजकूर एकमेकांना असे दुजोरा देणारे असावेत. मजकुरात 'थेट वाद्यवृंद' आणि खर्चात वादकांचं नावही नाही, अशी विसंगती अर्जाला सगळ्यात जास्त मारते.

फुकट मिळालेल्या गोष्टी दाखवायच्या का?

हो, पण दोन्ही बाजूंना. शाळेचा हॉल फुकट मिळाला तर खर्चात २४,००० आणि जमेत 'वस्तुरूप मदत' म्हणून २४,०००. किंमत बाजारभावानं लावा, हौसेनं नाही. संस्थेनं तसं पत्र दिलं असेल तर जोडा. योजनेत स्वतःचा ठरावीक वाटा दाखवायची अट असेल, तर वस्तुरूप मदत त्यात धरतात की रोखच लागते, हे आधी विचारून घ्या.

तिकिटांवर जीएसटी लागतो का?

नाटकाच्या प्रवेशाचा दर माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर नाही. त्यावर गेलात तर लागतो. देणगी प्रवेशिका असं नाव दिलं म्हणून हिशेब बदलत नाही. प्रवेशासाठी पैसे घेतले की ते तिकीटच. शास्त्रीय किंवा लोककलेच्या संगीत, नृत्य, नाट्य सादरीकरणासाठी कलाकार घेत असलेलं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावरही सूट आहे. दिवे आणि ध्वनीवाल्यांच्या बिलात मात्र कर येऊ शकतो. दरपत्रकात 'कर वेगळा' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि १८ टक्के अंगावर येतात. अंदाजपत्रकात करासकट रक्कम धरा. ऑनलाइन तिकीटविक्रीचं कमिशनही जमेतून वजा करायला विसरू नका.

टीडीएस वेगळा खर्च म्हणून लिहायचा का?

नाही. मानधन ठरतं ते एकूण रकमेवर; टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, त्यातूनच कापून सरकारजमा होतो. व्यावसायिक मानधनासाठी एका व्यक्तीला वर्षात ५०,००० रुपयांपर्यंत कपात लागत नाही (ही मर्यादा एप्रिल २०२५पासूनची, आधी ३०,००० होती). त्यापुढे १० टक्के. सुतारकामासारख्या कंत्राटी कामाला एका वेळी ३०,००० ओलांडले की व्यक्तीसाठी १ टक्का. आपल्या नमुन्यात दिग्दर्शकाचे ४०,००० मर्यादेच्या आत आहेत, पण त्याच वर्षी संस्थेच्या दुसऱ्या नाटकाचे २०,००० त्यालाच दिले तर तो मर्यादेबाहेर गेला. नेपथ्य बांधणीचे ५५,००० मात्र कपातीत येतातच. कलाकाराला हे आधी सांगा, नाहीतर 'ठरले होते तेवढे आले नाहीत' म्हणून विनाकारण वितुष्ट येतं.

जुनं नाटक करतोय. लेखकाचं मानधन लागेल?

लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतात. गडकरी १९१९ साली गेले, त्यांच्या नाटकांना लागत नाही. तेंडुलकर २००८ साली गेले, त्यांच्या नाटकांचे हक्क २०६८च्या अखेरपर्यंत आहेत. भाषांतर किंवा रूपांतर करत असाल तर मूळ लेखक आणि भाषांतरकार असे दोन वेगळे हक्क असतात; मूळ नाटक मोकळं असलं तरी भाषांतर मोकळं असेलच असं नाही. वारसांचं परवानगीपत्र अर्जासोबतच जोडा. अनुदान मंजूर झाल्यावर परवानगी मागायला गेलात तर घासाघीस करायला जागा उरत नाही.

महाराष्ट्रात प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा पैशापेक्षा वेळेचा खर्च मोठा. तो वेळापत्रकात धरा. दुसऱ्याचं रेकॉर्ड केलेलं गाणं वापरत असाल तर त्याच्या परवान्यासाठी वेगळी ओळ हवी.

कोणाकडे काय मागता येतं?

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या निर्मिती अनुदानाची नेहमीची मर्यादा पाच लाख आहे, अपवादात्मक प्रस्तावांना वीस लाखांपर्यंत. नाटकाची निर्मिती थेट या योजनेत बसते. त्याच मंत्रालयाचं रेपर्टरी अनुदान म्हणजे गुरू-शिष्य परंपरेची मदत: गुरूला दरमहा १५,००० आणि सज्ञान शिष्याला १०,०००. ते पैसे माणसांचे आहेत, त्यातून सेट बांधता येत नाही. दोन योजनांची गल्लत करून एकाच अंदाजपत्रकाच्या दोन प्रती पाठवणारे दरवर्षी भेटतात.

बेंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स व्यक्तींनाही मदत करतं. तिथे प्रश्न, शोध, प्रक्रिया यांना महत्त्व आहे. 'आम्हाला एक चांगलं नाटक करायचं आहे' एवढ्यावर भागत नाही, आणि अंदाजपत्रकातही वाचन, प्रवास, मुलाखती अशा गोष्टी दिसायला हव्यात.

कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (सामाजिक जबाबदारीच्या खर्चात) कला-संस्कृती २०१३च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. त्यासाठी संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी हवी. कंपनीशी बोलताना 'प्रशासकीय खर्च फक्त पाच टक्के' असं कोणी सांगितलं तर घाबरू नका. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे. तुमच्या निर्मिती व्यवस्थापकाचं मानधन हा प्रकल्पाचा खर्च आहे.

आमची संस्था नोंदणीकृत नाही.

मग सरकारी निर्मिती अनुदान आत्ता विसरा. धर्मादाय कार्यालयात नोंदणी, पॅन, बँक खातं, एनजीओ दर्पण (स्वयंसेवी संस्थांचं सरकारी पोर्टल) क्रमांक, काही वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब अशी रांग असते. तोवर व्यक्तीला मिळणाऱ्या मदतीचा विचार करा, किंवा नोंदणीकृत मित्रसंस्थेच्या नावानं निर्मिती करा. दुसरा मार्ग धरलात तर दोघांमधला लेखी करार हवा. मैत्री हिशेबात टिकत नाही.

आमचा मित्र न्यू जर्सीत आहे, तिथलं मराठी मंडळ पैसे द्यायला तयार आहे. घेता येतील?

मंडळ ही परदेशी संस्था, तिचे पैसे घ्यायला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. मित्राकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असूनही ठरते. पासपोर्ट कुठला, हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारा आणि प्रत ठेवा.

तमाशा फड किंवा दशावतारी मंडळाचं अंदाजपत्रक असंच करायचं?

नाही. त्यांचा हिशेब एका नाटकाचा नसून हंगामाचा असतो. कलाकारांना हंगामाआधी दिलेली उचल, गाड्या, डिझेल, जनरेटर, राहुट्या, फडाचं रोजचं जेवण हे मोठे खर्च. तालमीचा खर्च त्यामानानं थोडा. उचल ही पुढच्या मानधनातली आगाऊ रक्कम आहे. ती आणि मानधन दोन्ही पूर्ण लिहिले तर तोच खर्च दोनदा धरला जातो. शहरी संस्थांच्या छापील नमुन्यात हे बसत नाही, म्हणून नमुना मोडा आणि टिपेत कारण द्या.

अकल्पित खर्च किती धरावा?

पाच टक्के. योजना धरू देत नसेल तर तो देणग्यांच्या बाजूला टाका, पण शून्य ठेवू नका.

अनुदान मंजूर झालं की पैसे एकदम येतात का?

येत नाहीत, आणि इथेच संस्था बुडतात. मंत्रालयाच्या निर्मिती अनुदानात पहिला हप्ता ७५ टक्के आणि उरलेले २५ टक्के काम होऊन हिशेब दिल्यावर, अशी पद्धत आहे. चार लाखांतले एक लाख प्रयोग संपल्यावर येणार, पण सुतार, दिवेवाले, टेम्पो यांना पैसे आधीच द्यायचे. म्हणून अंदाजपत्रकाशेजारी महिनावार तक्ता करा: कोणत्या महिन्यात किती जाणार, किती येणार, खड्डा किती आणि तो कोण भरणार. नमुन्यातले देणगीचे ७४,३०० आधी गोळा करायचे ते याचसाठी. पहिला हप्ताही वेळेवर येईल असं धरून नाट्यगृहाची तारीख पक्की करू नका.

बिलं कशी ठेवायची?

ज्या खर्चशीर्षात मागितलं त्याच शीर्षाखाली, क्रमांक घालून. कपडेपटासाठी जुन्या बाजारातून घेतलेल्या धोतराला बिल मिळत नाही. तिथे व्हाउचर करा, विकणाऱ्याची सही घ्या, वस्तूचा फोटो लावा. ५,००० रुपयांवरच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प हवा. एका माणसाला एका दिवशी १०,००० पेक्षा जास्त रोख देऊ नका. शेवटी सनदी लेखापालाच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं. केंद्राच्या अनुदानाला ते जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-अ नमुन्यात. लेखापालाची फी अंदाजपत्रकात होती ना?

मागितले चार लाख, मंजूर झाले अडीच. काय कापायचं?

सरसकट प्रत्येक ओळीतून सारखेच टक्के कापू नका. त्यानं सगळंच अर्धवट होतं. नमुन्यात पाहा: बाहेरगावचे दोन प्रयोग सोडले तर पन्नास हजारांचा तोटा वाचतो. नेपथ्य सत्तरवरून चाळीस हजारांवर आणलं तर तीस. राहिलेले सत्तर हजार देणग्यांतून उभे करावे लागतील. तालमीच्या मानधनाला आणि रंगीत तालमीला शेवटपर्यंत हात लावू नका. मग सुधारित अंदाजपत्रक आणि कमी झालेल्या प्रयोगांची संख्या देणाऱ्याला लेखी कळवा आणि मान्यता घ्या. तीन प्रयोग करून पाचांचा अहवाल देता येत नाही.

पैसे उरले तर?

मराठी नाट्यसंस्थेला हा प्रश्न पडला याचंच अप्रूप वाटतं. पण उरतात कधीकधी. सरकारी अनुदान असेल तर उरलेली रक्कम परत करायची, आणि ती खात्यात पडून असताना मिळालेलं व्याजही. अनुदानासाठी वेगळं खातं ठेवलं असेल तर हे व्याज पासबुकात सरळ दिसतं. संस्थेच्या नेहमीच्या खात्यात मिसळलं असेल तर ते वेगळं काढायला लेखापाल पुन्हा फी मागतो.